परकी कातडी

पुण्यात नाक उडवणं, नाक मुरडणं आणि नाक वर करून चालणं हे उद्योग पहिल्यापासून आहेतच. पण नाक बसवणं हाही इथला एक जुना धंदा होता, आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात त्याचा उल्लेख येतो.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आलं, सोबत एका माणसाचं चित्र. माणसाचं नाव कावसजी. (नाव पारशी वाटतं, पण पत्रात तो शेतकरी जातीतला मराठा असल्याचं लिहिलंय.) इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायचं काम करणारा हा गडी १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. बिचारा वर्षभर तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या माणसाने त्याला नवीन नाक बसवलं. क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी बघत होते.

कृती वाचण्यासारखी आहे. मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची, तिच्या कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती कातडी फिरवून खाली नाकाच्या जागी आणायची आणि जोडावर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवायच्या. कात म्हणजे आपला पानातलाच. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापून टाकायची, काम फत्ते. लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने हे वाचून घेतलं आणि १८१४ मध्ये तिकडे पहिल्यांदा करून दाखवलं.

आता हे सगळं वाचून आपली कॉलर ताठ होते, ते ठीकच आहे. पण मला त्यात अडकवणारी गोष्ट वेगळी आहे. कातडी कपाळावरचीच का? समजा बाजूला एखादा दणकट माणूस पैसे घेऊन कातडी द्यायला तयार असता, तर?

हा प्रश्न लोकांना पडलेला होता. सोळाव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात ताल्याकोत्सी नावाचा सर्जन दंडाच्या कातडीचं नाक करायचा. दुसऱ्याची कातडी का घेत नाही, याचं त्याने दिलेलं उत्तर जवळपास गूढवादी आहे: प्रत्येक व्यक्तीचं स्वतःचं असं काहीतरी वेगळेपण असतं आणि ते या कामाच्या आड येतं. पुढे युरोपात एक भन्नाट कथा फिरत होती. ब्रसेल्सच्या एका माणसाने बोलोन्यातल्या हमालाच्या दंडाचं नाक बसवून घेतलं. वर्षभराने ते अचानक थंडगार पडलं आणि गळून गेलं. चौकशी केली तर कळलं, नेमका त्याच वेळी तो हमाल मेला होता! थाप आहे हे उघड आहे. पण 'परकं अंगाला लागत नाही' हे कुणीतरी कधीतरी बघितलं असणार, त्याशिवाय अशा थापा जन्माला येत नाहीत.

आणि आपल्याला उलटंच वाटणं साहजिक आहे. कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात आणि ते झाड मुकाट्याने हापूस देतं. झाडाला कलम चालतं, मग माणसाला का नाही?

खरं तर शिवणकामाचा भाग तसा लवकर सुटला. १८९४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांवर लियाँ शहरात सुऱ्याचा हल्ला झाला, पोटातली मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता न आल्यामुळे ते गेले. त्याच शहरातल्या अलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरच्या डोक्यात ते बसलं. त्याने चक्क भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईदोऱ्याची शिकवणी घेतली आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या एकमेकींना जोडायची पद्धत छापली. १९१२ चं नोबेल त्याला मिळालं. कुत्र्याची किडनी काढून त्याच कुत्र्याला दुसरीकडे बसवली की चालायची. दुसऱ्या कुत्र्याची बसवली की काही दिवसांनी बंद. टाके तेच, हात तोच! म्हणजे हार्डवेअर जोडलं गेलं होतं, अडचण दुसरीकडेच होती.

ती कुठे आहे हे कळायला युद्ध व्हावं लागलं, आणि कळलं ते पुन्हा कातडीवरूनच. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग.

१९४० मध्ये ऑक्सफर्डला पीटर मेडावर नावाच्या पंचविशीतल्या प्राणिशास्त्रज्ञाच्या घराजवळ एक बॉम्बर विमान कोसळलं. त्यातला भयंकर भाजलेला वैमानिक जवळच्या हॉस्पिटलात नेला आणि डॉक्टरांनी मेडावरला विचारलं, काही करता येईल का? भाजलेल्या माणसाचा प्रश्न साधा आणि क्रूर असतो. झाकायला कातडी हवी, आणि स्वतःची तर जळलेली. मेडावर पुढे ग्लासगोच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात गेला. तिथे टॉमस गिब्सन या सर्जनबरोबर त्याने गॅसच्या शेगडीवर पडून भाजलेल्या एका तरुण बाईवर कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले. काही तिचे स्वतःचे, काही तिच्या भावाचे.

सुरुवातीला दोन्ही तुकडे सारखेच धरले. मग भावाचे तुकडे सुजले, विरघळायला लागले, गेले. इथवर नवीन काही नव्हतं. पण या दोघांनी पुढे एक गोष्ट केली, जी आधी कुणी नीट नोंदवून केली नव्हती: त्याच भावाचे आणखी तुकडे लावले. हे दुसरे तुकडे पहिल्यांपेक्षा पुष्कळ लवकर गेले.

यात एवढं काय, असं वाटेल. पण विचार करा. कातडी 'मानवली नाही' एवढंच असतं, तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला असता. दुसऱ्यांदा कमी लागला, याचा अर्थ शरीर मधल्या काळात शिकलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या वेळी अँटिव्हायरसकडे या फाइलची सिग्नेचर नव्हती, दुसऱ्या वेळी ती तयार होती. देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, त्यामागे जी यंत्रणा आहे तीच सख्ख्या भावाची कातडी हाकलून देत होती. १९४३ मध्ये हे छापून आलं. ताल्याकोत्सीचं ते गूढ 'वेगळेपण' आता मोजता येणारी, प्रयोगशाळेत धरता येणारी गोष्ट झाली. मेडावरने मग सशांवर शेकडो कलमं करून ते पक्कं केलं.

पुढचा धागा गोठ्यात सापडला. जुळी वासरं एकसारखी जुळी आहेत की वेगळी, हे ओळखायला कातडी अदलाबदल करून बघा असा सल्ला मेडावरने एका पशुतज्ज्ञाला बिनधास्त देऊन टाकला होता. एकसारखी असतील तर कलम टिकेल, नसतील तर पडेल. प्रत्यक्षात बिलिंगहॅम या सहकाऱ्याबरोबर करून बघितलं, तर जवळपास सगळीच टिकली. एक कालवड आणि एक गोऱ्हा असलेली, म्हणजे उघडच वेगळी जुळीसुद्धा! उत्तर अमेरिकेतल्या रे ओवेनच्या १९४५ च्या कामात होतं: जुळ्या वासरांचं रक्त गर्भातच एकमेकांत मिसळतं. म्हणजे 'आपलं कोण' ही यादी जन्माआधी उघडी असते, तेव्हा जो आत आला तो कायमचा घरचा. मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी ते १९५३ मध्ये उंदरांवर मुद्दाम घडवून दाखवलं. मेडावरला १९६० चं नोबेल मिळालं.

याचा पेशंटला उपयोग? त्या दिवशी शून्य. कुणाला कधी किडनी लागणार हे गर्भात कसं कळणार? पण परकेपणा हा अटळ नियम नाही, तो बदलता येतो, एवढं समजलं. संशोधकांना कधीकधी तेवढंच पुरतं.

दरम्यान बॉस्टनमध्ये जोसेफ मरे नावाचा सर्जन होता. हाही मूळचा कातडीवाला, युद्धात भाजलेल्या सैनिकांवर काम केलेला प्लास्टिक सर्जन. एकसारख्या जुळ्यांमध्ये कातडी टिकते हे त्याला ठाऊक होतं. १९५४ मध्ये रिचर्ड हेरिक हा किडन्या निकामी झालेला तरुण आला, आणि त्याला रोनाल्ड नावाचा जुळा भाऊ होता. दोघं खरंच एकसारखे आहेत ना, हे पोलिसांकडून बोटांचे ठसे घेऊन तपासलं आणि आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यावर लावून बघितला. तो टिकला. मग २३ डिसेंबर १९५४ ला किडनी. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. मरेसमोरचा पेच माझ्या मते ऑपरेशनपेक्षा मोठा होता: रोनाल्ड ठणठणीत होता. ज्या माणसाला काहीही झालेलं नाही त्याचं पोट फाडायचं, हे डॉक्टरकीच्या कुठल्या नियमात बसतं? तो प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, फक्त त्याला फॉर्म आणि समित्या आल्या.

ज्यांना जुळा भाऊ नाही त्यांचं काय? पहिला उपाय रानटी होता. पेशंटच्या सगळ्या अंगावर क्ष-किरणांचा मारा करून प्रतिकारशक्तीच मारून टाकायची. सर्व्हरवर एक ॲप चालत नाही म्हणून अख्खी फायरवॉल बंद करणारे लोक आमच्याही धंद्यात आहेत, परिणाम तोच होतो. बहुतेक पेशंट जंतुसंसर्गाने गेले. मग गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतलं अझाथायोप्रिन आलं. १९६२ मध्ये मरेच्या टीमने नात्यात नसलेल्या मृत माणसाची किडनी या औषधाच्या जोरावर वर्षाहून जास्त चालवली. स्टेरॉइडची जोड मिळाल्यावर आणखी बरं झालं. बरं म्हणजे किती, तर निम्म्याहून थोड्या जास्त किडन्या वर्ष काढायच्या.

आणि अशा अर्ध्या तयारीत जग हृदयाकडे वळलं. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये ख्रिश्चन बर्नार्डने पहिलं हृदय बदललं. पेशंट अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला, कारण नवं हृदय टिकवायला त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली होती. पण फोटो जगभर गेले आणि शर्यत सुरू झाली. १९६८ या एका वर्षात जगात शंभराच्या वर हृदयं बदलली गेली.

त्यातलं अगदी सुरुवातीचं एक परळमध्ये, केईएम हॉस्पिटलात झालं. फेब्रुवारी १९६८. सर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन. बर्नार्ड, कॅन्ट्रोविट्झ, शमवे आणि मग सेन, असा क्रम लागतो: माणसाचं हृदय माणसाला बसवणारा जगातला चौथा सर्जन, महापालिकेच्या हॉस्पिटलातला. हे हवेतून आलेलं नव्हतं. सेन आणि त्यांचे सहकारी तिथल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं कुत्र्यांवर काम करत होते आणि १९६५ मध्ये देशातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्नही त्यांनीच केला होता. पेशंट तीन तासांच्या आत गेला. शरीराने हृदय नाकारण्यापर्यंत वेळच आली नाही. त्याच वर्षीची दुसरी शस्त्रक्रियाही काही तासांपुरतीच ठरली.

शाळेच्या पुस्तकात सेन नाहीत. 'अयशस्वी' म्हटलं की आपण पान उलटतो. मला मात्र त्यांची परिस्थिती बघितली की थक्क व्हायला होतं. सायक्लोस्पोरिन अजून जन्माला यायचं होतं. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत, हे भारतात कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. हार्वर्डच्या समितीचा त्यावरचा अहवालच मुळी ऑगस्ट १९६८ चा. म्हणजे हृदय थांबेपर्यंत थांबायचं आणि मग तेच थांबलेलं हृदय दुसऱ्यात चालवायचं. ज्या लायब्ररींवर प्रोजेक्ट उभा राहणार त्यातल्या दोन अजून लिहिल्याच गेल्या नव्हत्या, आणि हे लोक कोड चालवून बघत होते. बरोबर केलं की चूक? त्या पेशंटच्या घरच्यांच्या जागी बसून विचारलं तर माझं उत्तर बदलतं, हे कबूल करतो. जगानेही दोन-तीन वर्षांत हात आखडता घेतला आणि बहुतेक केंद्रांनी हृदयं बदलणं थांबवलं.

यातली पहिली गोष्ट नॉर्वेच्या मातीत होती, अक्षरशः. सॅन्डोझ या स्विस औषध कंपनीत एक प्रथा होती: सुट्टीवर जाल तिथली थोडी माती पिशवीत भरून आणा, तिच्यातल्या बुरशीत काही सापडतंय का बघू. १९६९ मध्ये एका कर्मचाऱ्याने हार्दांगरविद्दा पठारावरची माती आणली. त्यातल्या बुरशीतून निघालेला पदार्थ १९७२ मध्ये प्रतिकारशक्ती दाबतो असं दिसलं. तेच सायक्लोस्पोरिन. (श्रेय बोरेलचं की श्टेहेलिनचं, यावर पुढे बरीच भांडणं झाली. असो.) पाण्यात विरघळत नाही म्हणून ते जवळजवळ बासनात गेलं होतं. केंब्रिजच्या रॉय कान यांच्या टीमने ते ऑलिव्ह तेलात विरघळवून प्राण्यांवर वापरलं आणि १९७८ मध्ये पेशंटना दिलं. याचं वैशिष्ट्य असं की ते अख्खी यंत्रणा पाडत नाही. टी पेशींनी 'चला, माणसं जमवा' म्हणून जो निरोप धाडायचा असतो, तो लिहिणंच थांबवतं. फायरवॉल चालू, एकच पोर्ट बंद. १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मृत दात्यांच्या किडन्या वर्षभर टिकण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलं. गंमत, खरं तर दैवदुर्विलास, असा की हेच औषध किडनीला बाधतं. डोस कमी पडला तर शरीर किडनी मारतं, जास्त झाला तर औषध.

दुसरी गोष्ट, म्हणजे कायदा, भारतात १९९४ मध्ये आली. त्याआधीच्या दशकात किडन्यांचा उघड बाजार भरला होता, त्याला आळा घालणं आणि मेंदूमृत्यूला मान्यता देणं ही दोन्ही कामं त्यात होती. हा कायदा सुरुवातीला लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत. राष्ट्रपतींची सही जुलैमध्ये झाली आणि ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. सेन त्यापूर्वी, १९८२ मध्येच, गेले होते.

कायदा येऊन तीस वर्षं झाली तरी २०२३ मध्ये देशात जी अठरा हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, त्यामागे मृत दाते होते अकराशेच्या आसपास. बाकी सगळा भार जिवंत नातेवाइकांवर. आणि त्यातही देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते. 'स्वखुशीने' हा शब्द फॉर्मवर असतो. घरातल्या चर्चेत तो कितपत असतो, हे ज्याने त्याने आपापल्या घरात बघावं.

संशोधन अर्थातच थांबलेलं नाही. जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय २०२२ मध्ये आणि किडनी २०२४ मध्ये जिवंत माणसाला बसवली गेली. दोन्ही पेशंट साधारण दोन-दोन महिने जगले. वर्तमानपत्रांना डुक्कर आवडतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो बॉस्टनचा २००८ मधला प्रयोग. एकाच दात्याची किडनी आणि अस्थिमज्जा दोन्ही दिली, म्हणजे त्या वासरांसारखं दोघांचं रक्त काही काळ मिसळू दिलं. पाचपैकी चार पेशंटची औषधं बंद करता आली आणि किडनी चालू राहिली. मेडावरच्या उंदरांपासून इथवर यायला पंचावन्न वर्षं लागली.

आणि कातडी? तिचं काय झालं? मूळ प्रश्न भाजलेल्या माणसाचाच होता.

परकी कातडी आजही टिकत नाही. पण ती किती दिवस टिकते हे ग्लासगोपासून माहीत असल्यामुळे डॉक्टरांनी तिचा वेगळाच उपयोग काढला. निम्म्याहून जास्त भाजलेला माणूस मरतो तो जखम उघडी राहिल्याने, अंगातलं पाणी जातं आणि जंतू शिरतात म्हणून. तेव्हा मृत दात्याची कातडी त्यावर मलमपट्टीसारखी पसरायची. २००० साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी त्वचापेढी सुरू झाली, नंतर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये. माइंडस्पेसला कामाला जाणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे ते.

'कातडीचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत' असं आपण बोलताना सहज म्हणून जातो, पण प्रत्यक्ष त्वचादान म्हटलं की घरात शांतता पसरते. डोळे ठीक आहेत हो, पण कातडी? लोकांच्या डोळ्यांसमोर सोललेला देह येतो. तसं काही नसतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचापेढीचे लोक घरीसुद्धा येतात. मांड्या, पाय आणि पाठ इथला अगदी वरचा पातळ थर तेवढा काढतात आणि पट्ट्या बांधतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ, त्वचेचा कर्करोग असं काही नसलं म्हणजे झालं. वय झालेल्यांचीही चालते. खिशातल्या दात्याच्या कार्डावर मात्र काही होत नाही, फोन घरच्यांनीच करायचा असतो.

ती कातडी ग्लिसरॉलमध्ये, साध्या फ्रिजच्या थंडाव्यात, पाच वर्षांपर्यंत टिकते. भाजलेल्या माणसावर लावली की दोन-तीन आठवडे धरून राहते. मग त्याचं शरीर तिला ओळखतं आणि ती सुटायला लागते. तोवर बहुतेक वेळा खाली त्याची स्वतःची आलेली असते, किंवा मांडीवरून काढून लावण्याइतकी ताकद त्याच्यात आलेली असते.